स्वॅम्प ब्लूजचा जुना आवाज घरी रेकॉर्ड करताना: ठेका आधी, इफेक्ट शेवटी

लुइझियानाचा संथ, ओलसर ब्लूज म्हणजे स्वॅम्प ब्लूज, मेम्फिस आणि मसल शोल्सचा सोल आणि साठच्या दशकाच्या अखेरचा सायकेडेलिक रॉक या तिन्हींच्या मिश्रणातून जो आवाज होतो, तो घरी काढायला बसलेले बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी फझ पेडल (आवाज खरखरीत करणारं), मग फेझर (आवाज फिरवणारा), मग लांबलचक डिले (प्रतिध्वनी), वर जुन्या टेपची नक्कल करणारं प्लगइन. ठेका सगळ्यात शेवटी येतो, तोही तयार लूप शोधून. गाणं गच्च भरतं, पण झुलत नाही.

हे संगीत उभं राहतं ते मोकळ्या जागेवर आणि किंचित मागे रेललेल्या लयीवर. या दोन गोष्टी नसतील तर कितीही महागडं पेडल आणा, उपयोग नाही. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. साहित्य साधं आहे: एक इलेक्ट्रिक गिटार, शक्यतो एक बास, ऑडिओ इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, कान झाकणारे हेडफोन आणि संगणकावर कोणतंही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर.

टप्पा १: कागद घेऊन ऐका

लुइझियानाच्या स्लिम हार्पोची १९५७ नंतरची एक्सेलो कंपनीची रेकॉर्डिंग्ज, स्टेपल सिंगर्समधल्या पॉप्स स्टेपल्सची गिटार आणि गायक-गिटारवादक टोनी जो व्हाइटची १९६९च्या आसपासची गाणी, एवढं पुरे. ऐकताना टोनकडे लक्ष देऊ नका. कागदावर तीनच गोष्टी लिहा: एका वेळी किती वाद्यं वाजताहेत, गिटार कुठे गप्प आहे, आणि गायक ओळ संपवल्यावर किती मात्रा थांबतो.

गिटार जेवढी वाजते जवळजवळ तेवढीच ती थांबलेली असते, हे कागदावरच दिसेल. तो कागद रेकॉर्डिंग संपेपर्यंत समोर ठेवा.

टप्पा २: गाण्याचा सांगाडा ठरवा

सूर ई किंवा ए धरा. गिटारची जाड तार मोकळी वाजवता येते आणि तिचा घुमारा खाली टिकून राहतो. कॉर्ड साध्या मेजर नकोत. सेव्हन्थ किंवा नाइन्थ घ्या. ई सेव्हन्थ, ए नाइन्थ आणि बी सेव्हन्थ या तिघांवर अख्खं गाणं निघतं.

बारा मात्राखंडांचा (बारचा) ब्लूज इथे सक्तीचा नाही. कडवंभर एकाच कॉर्डवर रेंगाळायचं आणि ओळीच्या शेवटी क्षणभर दुसरीकडे जाऊन परतायचं, ही पद्धत या शैलीला जास्त शोभते. भारतीय संगीत शिकलेल्यांना एका सुरावर टिकून राहणं अवघड जात नाही. त्यांची चूक वेगळी असते: जागा मोकळी दिसली की तिथे तान भरतात.

गती ८४ ते १०४ बीपीएमच्या (मिनिटाला मात्रा) मध्ये ठेवा. ती गिटारवर ठरवू नका. शब्द मोठ्याने, गप्पा मारल्यासारखे म्हणा आणि ज्या गतीला श्वास पुरतो ती घ्या. पुढची सगळी उदाहरणं ९६ बीपीएम धरून आहेत.

माउथ ऑर्गन वापरणार असाल तर तो गाण्याच्या सुराचा विकत घेऊ नका. ब्लूजमध्ये बहुधा चौथ्या सुरापासूनचा घेतात: गाणं ई मध्ये असेल तर ए चा, ए मध्ये असेल तर डी चा, जी मध्ये असेल तर सी चा. मग श्वास आत ओढताना सूर वाकवता येतात. नवशिक्यांचा माउथ ऑर्गन बालगीतासारखा वाजतो तो बहुतेक वेळा चुकीच्या सुराचा घेतल्यामुळेच.

> तपासा: नुसती टाळी आणि तोंडी शब्द यांवर गाणं दोन मिनिटं धरून ठेवता येतंय का? येत नसेल तर अडचण गाण्यात आहे. पुढे जाऊ नका.

टप्पा ३: वाद्यं आणि वीज

गिटारला ०.०११ इंचाचा (सर्वात बारीक तारेची जाडी) तारसंच लावा. नवा संच आदल्या दिवशी चढवा, ताणून घ्या, मग रेकॉर्डिंगला बसा. बासवर सपाट गुंडाळणीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा असतील तर उत्तम. नसतील तर तारांखाली ब्रिजजवळ स्पंजची पट्टी सरकवा, टोनचा नॉब अर्ध्याखाली आणा आणि अंगठ्याने वाजवा. या पट्टीने सूर लवकर मरतो, आणि इथे तेच हवं असतं.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि गिटारची मान हलते. एसीच्या खोलीतून काढलेली गिटार लगेच वाजवायला घेऊ नका. रेकॉर्डिंगच्या खोलीत ती काही तास राहू द्या, मग जुळवा. स्लाइड वाजवणार असाल तर ओपन जी मध्ये जुळवा, जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, जी, डी, जी, बी, डी. यात तारा फक्त ढिल्या होतात, म्हणून मानेवर जादा ताण येत नाही.

सिंगल कॉइल पिकअपचा आवाज या संगीताला मानवतो, पण तो घरातली गुणगुण ओढून घेतो. ट्यूबलाइट, डिमर आणि फोनचा चार्जर बंद करा, मग खुर्चीसकट हळूहळू फिरा. एका दिशेला गुणगुण सगळ्यात कमी होते. तिथेच बसून वाजवा.

> सावध: अमेरिकेहून आणलेला जुना अँप १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टला तो थेट जोडला तर जळेल. पुरेशा वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंगची तिसरी पिन कधीही काढू नका. आणि व्हॉल्व्हचा अँप उघडू नका: वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही शे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. ते काम जाणकार मेकॅनिकचं आहे.

टप्पा ४: ठेका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

ड्रमसेट मिळत असेल तर स्नेअर आणि टॉमवर सुती पंचा पसरा. ठोका कोरडा आणि ठेंगणा होतो. माइक दोनच: एक बास ड्रमसमोर, दुसरा ड्रमरच्या उजव्या खांद्यामागून स्नेअरकडे रोखलेला. प्रत्येक ड्रमला वेगळा माइक लावला की आवाज मोठा होतो, आणि हे संगीत मोठं वाटायला नको आहे.

ड्रमसेट नसेल तरी अडत नाही. लुइझियानातल्या क्राउली गावात जे. डी. मिलर यांच्या स्टुडिओत ब्लूज वादक लेझी लेस्टर खोक्यावर गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून ठेका धरत. पुठ्ठ्याचं खोकं, पायाचा ठोका आणि डबीत तांदूळ घालून केलेला खुळखुळा, एवढ्यात पूर्ण गाणं होतं. माइक खोक्यापासून हातभर लांब ठेवा. एकदम जवळ आणला तर ठोका न येता नुसती थाप येते.

आता लय. हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजांची जोडी) किंवा खुळखुळा क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, चोख बसवा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा ठोका मात्र जरा उशिरा येऊ द्या. मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत १९६५ पासून ड्रमर अल जॅक्सन आणि गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर हा उशिराचा ठोका मुद्दाम एकत्र धरत. तिथल्या सोलचा निवांतपणा त्यातूनच येतो. आकड्यात सांगायचं तर १० ते २० मिलिसेकंद. ३० च्या पुढे गेलात की ऐकणाऱ्याला ती चूक वाटते.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, सगळंच मागे खेचणं. हाय-हॅट, स्नेअर, बास, गिटार सगळे उशिरा आले तर मागे काहीच राहत नाही, फक्त गती कमी झाल्यासारखी वाटते. एक तरी वाद्य चोख असल्याशिवाय दुसरं मागे रेलल्याचं कळत नाही. दुसरी, लय चढणं. ढोलकी-तबल्याच्या सवयीने शेवटाकडे जाताना हात आपोआप धावतो. इथे गाणं पेटतं ते आवाजाच्या जोराने, गतीने नाही. क्लिक बंद करून तीन मिनिटं वाजवा आणि शेवटी परत लावा. किती पुढे गेलात ते लगेच कळेल.

> तपासा: हेडफोन माइकला चिकटवून क्लिक रेकॉर्ड करा आणि स्क्रीनवर मूळ क्लिकशी जुळतोय का पाहा. जुळत नसेल तर सॉफ्टवेअरमधली लेटन्सीची (संगणकामुळे होणाऱ्या उशिराची) दुरुस्ती आधी करा, नाहीतर तुमचा मागे रेललेला ठोका संगणकाने केलेला असेल, तुम्ही नाही. स्वतःचं वाजवणं इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरूनच ऐका.

टप्पा ५: बास

ठेका पक्का झाल्यावरच बास, आणि बास पक्का झाल्यावरच गिटार. बास थेट इंटरफेसला जोडा. कॉर्डचा मूळ सूर, पाचवा आणि कोमल सातवा, यांपलीकडे जायची गरज क्वचितच पडते. दोन मात्राखंडांची एक आकृती ठरवा आणि ती न बदलता वाजवत राहा. कंटाळा वाजवणाऱ्याला येतो, ऐकणाऱ्याला नाही.

प्रत्येक सूर कुठे संपतो याची काळजी घ्या. स्नेअरच्या ठोक्याआधी बास थांबला तर ठोक्याला जागा मिळते. नवे लोक सूर सुरू कुठे करायचा ते सांभाळतात आणि संपवायचं विसरतात.

टप्पा ६: गिटार आणि ट्रेमोलो

ट्रेमोलो म्हणजे आवाज ठरावीक वेगाने लहान-मोठा होणं. सूर हलत नाही. बऱ्याच फेंडर अँपवर याच नॉबशेजारी व्हायब्रेटो असं छापलेलं असतं, आणि ते वाचून लोक कोरस किंवा सूर हलवणारं पेडल घेऊन येतात. त्याने पाण्यात बुडाल्यासारखा आवाज येतो, तो या गाण्याचा नाही.

वेग गाण्याच्या गतीवरून काढा. ९६ बीपीएमला एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची. मात्रेत दोन हेलकावे हवे असतील तर वेग ३.२ हर्ट्झ, तीन हवे असतील तर ४.८ हर्ट्झ. झुलणाऱ्या ठेक्याला तीनचा हिशोब चांगला बसतो. खोली आधी पूर्ण वाढवा, मग आवाज तुटल्यासारखा वाटेनासा होईपर्यंत कमी करत या. जुन्या अँपचा ट्रेमोलो गाण्याशी बांधलेला नसे, थोडा सरकत राही. तेव्हा गणिताच्या जवळपास आणून मग कानाने एक केसभर हलवलात तरी चालेल. फक्त कॉर्ड छेडताना हेलकाव्याचा वरचा भाग साधा, म्हणजे पहिला ठोका गिळला जाणार नाही.

क्रमाची एक चूक जवळजवळ प्रत्येक पेडलबोर्डवर दिसते: ट्रेमोलो आधी, रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) नंतर. साठच्या दशकातल्या फेंडरच्या रिव्हर्ब असलेल्या अँपमध्ये रिव्हर्ब मिसळल्यानंतर ट्रेमोलो येतो, त्यामुळे रिव्हर्बची शेपटीसुद्धा हेलकावते. उलटं केलंत तर शेपटी हेलकाव्यांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकते आणि सगळं धूसर होतं. प्लगइनमध्येही स्प्रिंग रिव्हर्ब आधी आणि ट्रेमोलो नंतर ठेवा.

अँपचा गेन इतकाच ठेवा की हळू छेडल्यावर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडल्यावर किंचित खरखरीत. पिकअप मानेकडचा, गिटारचा व्हॉल्यूम सातच्या आसपास. माइक लावणार असाल तर स्पीकरच्या मध्यावर न रोखता शंकूच्या कडेकडे सरकवा. तिथे चिरका भाग कमी होतो.

वाजवायचं काय? गायक थांबला की उत्तर. तो गात असताना एक तर गप्प, नाहीतर तळहाताने तारा दाबून केलेली बारीक चिकचिक. दुसरी गिटार घ्यायचीच असेल तर ती वेगळ्या जागी आणि वेगळ्या मात्रांवर वाजू द्या. एकच भाग दोनदा वाजवून जाड करायची रॉकमधली सवय इथे नको.

> तपासा: ठेका, बास आणि एक गिटार. हे तिघं ऐकून मान आपोआप डोलत नसेल तर टप्पा ४ वर परत जा. पुढचा कोणताही टप्पा ही उणीव भरून काढत नाही.

टप्पा ७: ऑर्गन आणि ब्रास

एक थर पुरे. हॅमंड ऑर्गनच्या नऊ दांड्यांपैकी पहिल्या तीन पूर्ण ओढा, बाकी बंद. कडव्याला लेस्लीचा (ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरचा) वेग संथ, ओळ संपताना जलद. वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो वापरलात तर त्याचा ट्रेमोलो बंद ठेवा, कारण गिटारचा आधीच चालू आहे.

ब्राससाठी खरा सॅक्सोफोन किंवा ट्रंपेट वाजवणारा मिळाला तर जरूर बोलवा, दोन-तीन छोटे फटके लिहून द्या. मिळाला नाही तर ब्रास सोडून द्या. कीबोर्डवरची नकली ब्रास पहिल्या मात्रेत ओळखू येते आणि बाकी सगळं खरं असलेलंही खोटं वाटायला लागतं.

टप्पा ८: गायन

डायनॅमिक माइक, तोंडापासून मूठभर अंतरावर, किंचित तिरका. आवाज खालच्या पट्टीत, बोलण्याच्या जवळ. शब्दाची सुरुवात ठोक्यानंतर येऊ द्या.

अमेरिकन दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गायकांच्या उच्चारांची नक्कल करू नका. ती कानाला लगेच बोचते, आणि ज्या लोकांनी हे संगीत घडवलं त्यांच्याबद्दलचा आदरही त्यात राहत नाही. इंग्रजीत गायचं तर स्वतःच्या उच्चारात गा. मराठीत गायचं तर आधी ओळी बोलून पाहा. मराठी ओळ लांबते, म्हणून दोन ओळींचा मजकूर एकीत कोंबला जातो आणि थांबायची जागा जाते. शब्द कापा. पहिली ओळ दोनदा आणि तिसरीत उत्तर, ही ब्लूजची जुनी रचना इथे फार कामी येते.

रेकॉर्डिंगचा स्तर असा ठेवा की सर्वात मोठा शब्दही उणे १० ते उणे १२ डीबीच्या वर जाणार नाही. नंतर १०० ते १३० मिलिसेकंदांचा एकच प्रतिध्वनी द्या, फीडबॅक शून्य, त्याचा वरचा भाग ४ किलोहर्ट्झच्या आसपास कापलेला. तो वेगळा ऐकू येऊ नये. बंद केल्यावर मात्र आवाज उघडा पडल्यासारखा वाटावा, इतकाच.

टप्पा ९: सायकेडेलिक भाग

आता पेडल. नियम एकच: एका वेळी एकाच वाद्यावर एकच मोठा इफेक्ट, आणि तोही गाण्याच्या ठरावीक जागी. सगळं गाणंभर फिरत राहिलं तर कानाला त्याची सवय होते आणि काहीच फिरत नसल्यासारखं होतं.

फझ फेस धाटणीचं फझ साखळीत पहिलं ठेवा, गिटारला थेट जोडून. मध्ये बफर (सिग्नल मजबूत करणारं सर्किट) असलेलं पेडल, ट्यूनरसुद्धा, आलं की ते चिरकतं आणि गिटारच्या व्हॉल्यूमने स्वच्छ होत नाही. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेने गळती वाढवतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी असं फझ थुंकल्यासारखं तुटक वाजू लागतं. पेडल बिघडलेलं नसतं. पहाटे रेकॉर्ड करा किंवा सिलिकॉनचं वापरा.

> सावध: जुन्या पद्धतीची पीएनपी जर्मेनियम फझ पेडल्स पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात. त्यांना बाकी पेडल्सच्या सामायिक वायरवर जोडू नका, शॉर्ट होईल. वेगळी बॅटरी द्या.

वा-वा पेडल पायाने सतत हलवण्यापेक्षा अर्ध्यात अडकवून सोडा. नाकातून आल्यासारखा जो टोन येतो तो सोलोला पुरतो. युनी-व्हाइब धाटणीचा फिरता आवाज हवा असेल तर तो ऑर्गनला द्या किंवा गिटारच्या एका कडव्याला, आणि त्या वेळी ट्रेमोलो बंद करा. दोन हेलकावे वेगवेगळ्या वेगाने चालले की ठेकाच डगमगतो.

उलटा रिव्हर्ब गायनाला फार सुंदर लागतो, आणि त्यातही लोक क्रम चुकतात. असा करा:

1. ज्या शब्दाआधी तो हवा आहे, तो शब्द वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि उलटवा.
2. उलटलेल्या शब्दावर दोन-तीन सेकंदांचा रिव्हर्ब पूर्ण ओला, म्हणजे मूळ शब्द न मिसळता, लावा.
3. तो आवाज शेपटीसकट नव्या फाइलमध्ये उतरवा. शेपटी कापली गेली तर सगळं फुकट.
4. नवी फाइल पुन्हा उलटवा.
5. तिची फुगत जाणारी लाट मूळ शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येऊन संपेल अशी सरकवा.

गाण्यात हे एकदा करा. फार तर दोनदा.

टप्पा १०: मिश्रण

पहिला अर्धा तास सगळं मोनोत ऐका, एका लहान स्पीकरवर. गिटार आणि गायन एकमेकांवर चढत असतील तर ईक्यूकडे धावण्याआधी गिटारचा एखादा सूर काढून टाका. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

मग स्टिरिओ. बास, बास ड्रम आणि गायन मधोमध. गिटार पूर्ण एका बाजूला, ऑर्गन पूर्ण दुसऱ्या. मधल्या छटा नकोत. गिटारचा ८० हर्ट्झच्या खालचा आणि ७ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापा. टेपचं प्लगइन लावायचं तर पूर्ण मिश्रणावर, आणि पातळी दाखवणारी सुई शून्याला जेमतेम शिवेल इतकंच; सुई सतत लाल भागात राहिली तर स्नेअरचा ठोका चपटा होतो आणि टप्पा ४ मध्ये घेतलेली सगळी मेहनत वाया जाते. त्याच कारणासाठी शेवटचा लिमिटरही (मोठे आवाज दाबणारा) हलकाच ठेवा. उणे १२ ते उणे १४ एलयूएफएसच्या (एकूण आवाजाच्या जोराचं माप) आसपास थांबा.

शेवट विरत नेणार असाल तर ते रेकॉर्डिंगच्या वेळीच ठरवा. गाणं संपल्यावरही ठेका अर्धा मिनिट तसाच चालू ठेवायला सगळ्यांना सांगा. वाजवणारे थांबण्याच्या तयारीत असले की विरणाऱ्या भागात लय सैल पडते आणि ते ऐकू येतं. विरण्याला १२ ते १५ सेकंद द्या.

अंतिम फाइल २४ बिट वेव्हमध्ये काढा, सर्वोच्च पातळी उणे १ डीबीखाली ठेवून. सोबत प्रत्येक ट्रॅकची इफेक्टविरहित प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या नावातच गती, सूर आणि ट्रेमोलोचा वेग लिहा. सहा महिन्यांनी गिटारचा एक तुकडा बदलावासा वाटला तर ट्रेमोलोचा तोच वेग पुन्हा कानाने शोधत बसावं लागणार नाही.